कोणता पतंग

छापखान्यातून बागेतल्या झाडांच्या नव्या पाट्यांची प्रुफं आली तेव्हा ती डबा उघडायच्या बेतात होती. बावीस पाट्या, बावीस कागद. झाकण अर्धं फिरवून तिनं डबा बाजूला सारला आणि लाल पेन घेऊन कागद चाळायला लागली. मन लावून नव्हे, तेहतीस वर्षांच्या सवयीनं. काना, वेलांटी, लॅटिन नावातलं तिरपं अक्षर. सतराव्या कागदावर पेन थांबलं. ऑर्किडच्या पांढऱ्या फुलाशेजारी एक पतंग काढला होता. लाल, पिवळा, चौकोनी, शेपटीला बारीक गाठी मारलेला, कोपऱ्यातून दोरा खाली गेलेला, असा आकाशात उडवायचा पतंग. आणि त्याखाली तिचंच वाक्य होतं : पतंगासारखी दिसतात म्हणून या फुलांना हे नाव मिळालं. वाक्यात काना-वेलांटीची एकही चूक नव्हती. तिनं छापखान्यात फोन लावला. चित्रं करणारी मुलगी म्हणाली, “ताई, तुम्हीच लिहिलंय ना पतंग? मला तर फार आवडलं. किती गोड दिसतोय.” “अगं, हा पतंग नव्हे. पाखरू असतं ना, दिव्यापाशी येतं ते. तो पतंग.” “अय्या, मग तसं लिहायचं ना,” ती मुलगी म्हणाली. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, साधी तक्रार होती. पलीकडच्या टेबलावरच्या बियाणेवाल्याचे कान या असल्या वेळी फार तीक्ष्ण व्हायचे. तो उठून आला, कागद हातात धरून म्हणाला, “बरं झालं, हत्तीकानाच्या पाटीवर हत्ती नाही बसवला.” सगळं ऑफिस हसलं. तीही हसली. मग डब्याचं झाकण तिनं पुन्हा घट्ट लावून टाकलं.

तसं लिहायचं ना. एवढं साधं होतं ते. बागेत तिला सगळे पाटीबाई म्हणत. झाडाच्या बुंध्याशी, कुंडीच्या काठाशी, तळ्याच्या कठड्यावर जेवढी म्हणून अक्षरं होती तेवढी तिच्या हातून गेलेली. पूर्वी पत्र्यावर ब्रशनं लिहायचे, मग कोरायचे, आता छापून येतं. तेहतीस वर्षांत तिनं पतंग ऑर्किडची पाटी पाच वेळा नव्यानं केली होती. पाचही वेळा पानांबद्दल लिहिलं, हवेत लोंबणाऱ्या मुळांबद्दल लिहिलं, फूल दोन-दोन महिने टिकतं हे लिहिलं, माती नको, सालींचे तुकडे हवेत, हेसुद्धा लिहिलं. नावाबद्दल मात्र एक ओळ कधी लिहिली नाही. जागा पुरत नाही, असं ती म्हणायची. शेजारच्या झाडाच्या पाटीवर नावाची चार ओळींची कथा मावायची, इथे जागा पुरायची नाही. नवे संचालक आले आणि त्यांनी प्रत्येक पाटीवर नावाची हकिकत असलीच पाहिजे असं फर्मान काढलं, तेव्हा कुठे तिनं ते एक वाक्य लिहिलं. आणि तेही इतकं मोघम की त्यातून दोन्ही पतंग उडून गेले असते. चित्रं करणाऱ्या मुलीनं काय केलं? वाक्य जसं होतं तसं वाचलं. चूक होती ती लिहिणारीची. आणि आज नव्हे, ती तेहतीस वर्षांपूर्वी झालेली होती.

तेव्हा तिला नोकरी लागून तीन आठवडे झाले होते. चोवीस वर्षांची होती, पदवीची शाई वाळलेली नव्हती, आणि बागेतले जुने लोक तिला काही विचारायला आले की तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. ऑर्किडचं काचघर माळ्यांपैकी आप्पांच्या ताब्यात होतं. आप्पा तेव्हा सदतीसचे असतील, पण बागेत त्यांना सगळे आप्पाच म्हणत, त्यांच्याहून मोठेसुद्धा. आत शिरलं की ओल्या सालींचा आणि शेवाळाचा वास नाकात बसायचा, चष्मा धूसर व्हायचा, आणि ती चष्मा पुसत उभी राहायची तोवर आप्पांचा आवाज कुठून तरी यायचा, “सांभाळून बाई, पायाखाली पाइप आहे.” त्या दिवशी ती स्टुलावर चढून मागच्या, कुंड्या लटकवलेल्या लांब पट्टीला नवी पाटी बसवत होती. हातात स्क्रू-ड्रायव्हर, तोंडात दोन स्क्रू. जुन्या नोंदवहीत जे होतं तेच तिनं पाटीवर उतरवलं होतं : लॅटिन नाव, आणि खाली पतंग ऑर्किड. आप्पांनी पाटी हळूहळू वाचली. मग वर बघून विचारलं, “बाई, हे पतंग कशावरून हो?” तिला माहीत नव्हतं. मला माहीत नाही, बघून सांगते, या पाच शब्दांना काय लागतं? पण तोंडातले स्क्रू काढून ती अगदी सहज, पुस्तक पाठ असल्यासारखी म्हणाली, “अहो पतंग, उडवायचे. दोऱ्यावर चढवल्यासारखी नाहीत का दिसत?” आप्पा फुलांकडे बघत राहिले. लांब वाकलेला दांडा, त्याच्यावर ओळीनं सात-आठ पांढरी फुलं, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. “खरंच की,” ते म्हणाले. “वारा एकीकडून आलाय.” तिनं वेळ मारून नेली होती. स्क्रू आवळला आणि खाली उतरली.

दोन महिन्यांनी वाचनालयात दुसरंच काही शोधताना एका जाडजूड कोशात तिला ते नाव भेटलं. ग्रीक भाषेतले दोन शब्द. एकाचा अर्थ पाखरू-पतंग, दुसऱ्याचा त्याच्यासारखं दिसणारं. खाली बारीक अक्षरात एक कथाही होती. कुणी एक वनस्पतिशास्त्रज्ञ कुठल्याशा बेटावरच्या रानात दुर्बिणीतून बघत होता, आणि लांबच्या एका झाडावर त्याला पांढऱ्या पतंगांचा थवा बसलेला दिसला. जवळ जाऊन पाहतो तर फुलं. ही हकिकत खरी की मागाहून कुणी रचलेली, याबद्दल त्या कोशालाच खात्री नव्हती. ती त्या पानावर बोट ठेवून बसली आणि तिचे कान तापले. उठावं, काचघरात जावं आणि सांगावं, आप्पा, मी चुकीचं सांगितलं. ती उठली, गेलीसुद्धा. काचघरात चार-पाच पाहुणे उभे होते आणि आप्पा त्यांना सांगत होते. त्यांनी एका फुलाखाली बोट धरलं होतं. फुलाच्या मधोमध जो ओठ असतो त्याच्या टोकाला दोन बारीक मिशा असतात, वळलेल्या, केसाएवढ्या. “आणि ही बघा शेपटी,” आप्पा म्हणत होते. “शेपटीशिवाय पतंग तोल धरत नाही. देवानंसुद्धा दोन लावल्यात, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून.” पाहुणे वाकून बघायला लागले, एक बाई तर हात पाठीमागे बांधून लहान मुलीसारखी वाकली. शेपटीचं तिनं आप्पांना कधी सांगितलं नव्हतं. ते त्यांचं त्यांनीच शोधलं होतं. ती दाराशी चष्मा पुसत उभी राहिली. चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता तरी पुसत राहिली, आणि मग परत गेली. उद्या सांगू, असं स्वतःशी म्हणाली. तो उद्या एकोणीस वर्षं चालला.

एकोणीस वर्षं काही कमी नसतात. त्यात तिचं लग्न झालं, आई गेली, डोक्यावर पहिले पांढरे केस आले. पण जे सांगायचं होतं ते आज सांगितलं असतं तर काल का नाही सांगितलं, हा प्रश्न रोज एका दिवसानं मोठा होत गेला. आप्पांची हकिकत बागेत गाजली. लोक मुद्दाम काचघरात यायचे, एकमेकांना सांगायचे, अरे त्या आप्पांकडून पतंगाचं ऐक. आप्पा मुळात बोलके नव्हते. घरात त्यांना कुणी बोलताना ऐकलं नसेल, असं त्यांची बायको एकदा म्हणाली होती. पण त्या एका पट्टीपाशी आले की त्यांचा आवाज उघडायचा, हातात दोरा असल्यासारखी बोटं हलायची, ढील द्यायची, खेचायची. कधी कधी ती मुद्दाम तिथून जायची. ऐकताना तिला मजा वाटायची, हे तिनं पुढे स्वतःशी कबूल केलं, आणि ते कबूल करताना तिला जास्त लाज वाटली. कारण ती मजा खोटं खपल्याची होती. आपण फेकलेला एक शब्द असा अंगणभर वाढलेला बघायचा आणि तो आपला आहे हे कुणाला ठाऊक नाही, याची मजा.

मग एकदा काही पाहुणे मंडळी आली. परक्या ठिकाणच्या कुठल्या मोठ्या बागेतले तज्ज्ञ, सहा-सात जण, पुढे त्या वेळचे संचालक, मागे हातात नोंदवह्या घेऊन ती. काचघरात आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी पतंगाचं सांगितलं. नेहमीपेक्षा छान सांगितलं, शेपटीसकट, वाऱ्यासकट. पाहुण्यांत एक वयस्कर बाई होत्या, फार मृदू आवाजाच्या. त्या म्हणाल्या, “मामा, पतंग म्हणजे किडा हो. पाखरू. उडवायचा पतंग नव्हे.” त्यांच्या मनात टोचायचं काही नव्हतं. पण बाकीचे हसले, आणि ते हसणं काचेच्या छताखाली नको इतका वेळ घुमलं. संचालकही हसले, सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जोरात. पाहुणे गेल्यावर त्यांनी आप्पांना खोलीत बोलावलं. ती नोंदवह्या ठेवायला आत होती. “कुणी शिकवलं तुम्हाला हे?” संचालकांनी विचारलं. आप्पांनी एकदा खोलीभर नजर फिरवली. ती नजर तिच्यावरून गेली. थांबली की नाही, हे ती पुढची चौदा वर्षं ठरवत राहिली. मग ते म्हणाले, “कुणी नाही साहेब. मला तसं वाटलं.” “वाटलं?” संचालक म्हणाले. “एकोणीस वर्षं तुम्ही लोकांना वाटेल ते सांगताय?” तिच्या हातात नोंदवही उघडी होती. तिनं मान खाली घालून एक पान उलटलं. पान कोरं होतं. ते ती वाचत उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून आप्पांना खताच्या आवारात टाकलं. पाहुण्यांशी बोलायचं नाही, काचघरात पाऊल टाकायचं नाही. पालापाचोळा, शेण, सडका भाजीपाला, आणि तो उलटापालटा करायचं फावडं. निवृत्तीला चार वर्षं होती. ती चारही त्यांनी तिथेच काढली. काचघर ज्या नव्या माणसाकडे गेलं त्याला पाणी घालायची फार हौस होती. पानांच्या बेचक्यात पाणी साचून पहिल्याच वर्षी दोन पट्ट्या कुजल्या. कुजलेली झाडं खताच्या आवारातच जायची. आप्पा ती हातात घेऊन बघायचे, काही मुळं चिमटीत दाबून बघायचे, आणि ढिगावर टाकायचे. हे तिनं कुंपणाबाहेरून पाहिलं होतं. दुपारी नळावर भेटले की आप्पा पूर्वीसारखंच विचारायचे, “जेवलात का बाई?” आवाजात कुठे किंतु नाही, आडपडदा नाही. त्यांनी एकदा तरी टोमणा मारला असता तर ती तिथल्या तिथे रडून मोकळी झाली असती. तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं की आप्पांनी तिला वाचवलं. तरुण बाईची नोकरी जाऊ नये म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि तरी तो विचार ती सोडत नव्हती. कुणीतरी आपल्यासाठी एवढं केलं, हे मनात बाळगायलाही माणसाला आवडतं. अपराधातसुद्धा माणूस आपल्यापुरती बरी जागा बघून बसतो. त्या बेटावरच्या शास्त्रज्ञाची तिला पुष्कळदा आठवण यायची. तोही चुकलाच होता की. फुलं पाहिली आणि पाखरं समजला. पण त्याची चूक कोशात जाऊन बसली, आणि आप्पांची गेली खताच्या आवारात. आणि आप्पांची तरी कुठे होती ती?

तिनं प्रुफावरच्या पतंगावर लाल फुली मारली. वाक्य खोडून वर लिहिलं : दिव्याभोवती येणाऱ्या पतंग या पाखरासारखी दिसतात म्हणून. कागद लिफाफ्यात घातला, बियाणेवाल्याला म्हणाली, “मी अर्धा दिवस जाते.” “बरं नाही का?” “नाही, आहे बरं,” ती म्हणाली. सहा महिन्यांनी तिची निवृत्ती होती. ही पाटी लागायच्या आधी सांगायचं, नाहीतर मग कधीच नाही. बसमध्ये खिडकीशी बसून ती वाक्यं जुळवत होती. आप्पा, मला माफ करा. हे फार नाटकी. आप्पा, तुम्हाला आठवतं, मी नवीन होते. हे बरं. ते म्हणतील, जाऊ द्या बाई, मला ठाऊक होतं. मग ती रडेल. रडायचं कुठे, तेही तिनं ठरवलं होतं, म्हणजे आप्पांच्या लेकीसमोर नको. आपल्याला माफी किती नेमकी हवी आहे, किती मापाची, हे बघून तिला स्वतःचीच शिसारी आली. तरी ती थांब्यावर उतरली, एका दुकानातून संत्री घेतली, आणि चार जिने चढली.

आप्पांच्या लेकीनं दार उघडलं. ती शिवणकाम करायची. गळ्यात टेप होती आणि ओठांत टाचणी, ती काढून तिनं “या ना” म्हटलं. “बागेतल्या पाटीबाई,” तिनं आतल्या दिशेला सांगितलं, आणि हळू आवाजात, “कान शाबूत आहेत. दिसतं मात्र कमी. आणि बोलत नाहीत फारसे.” आप्पा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. हात मांडीवर पालथे, बोटांची पेरं सुजलेली. कठड्यावर एका कुंडीत पतंग ऑर्किडची चार पानं होती, आणि फुलं गळून गेलेला एक वाळका दांडा. “मी टाकायलाच निघाले होते,” लेक म्हणाली. “काठी राहिली नुसती. तर अंगावर आले माझ्या.” “मेलेलं नाहीये ते,” आप्पा म्हणाले. “विसावा घेतंय.” मग मान वळवून, “बसा बाई. जेवलात का?” ती खोटं बोलली, हो म्हणाली. लेक आत गेली, मशीनचा आवाज सुरू झाला. त्या आवाजाआड बोलता येईल, असं तिला वाटलं आणि तिनं सुरुवात केली, “आप्पा, ते पतंगाचं...”

“हां,” आप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की तिचं पुढचं वाक्य राहूनच गेलं. “अजून आठवतं तुम्हाला? कुणी सांगतं का आता ते तिथे?” “नाही,” ती म्हणाली. “कसं सांगणार,” आप्पा म्हणाले. “माझं होतं ते.” त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत पाय सारखे केले. “तुम्ही जन्मभर पाट्या लिहिल्यात, बाई, पण हे तुमच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं. मला अजून ती सकाळ दिसते. एकटाच होतो काचघरात. पाणी मारून झालं होतं. वर नजर गेली आणि एकदम दिसलं, अरे, हे तर पतंग. दोऱ्यावर चढलेले. वारा एकीकडून.” ती स्टुलावर उभी होती त्या सकाळी. तोंडात दोन स्क्रू होते तिच्या. आप्पांच्या त्या काचघरात स्टूल नव्हतं, पाटी नव्हती, ती नव्हती. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, काही झाकलंय का, काही पांघरूण घातलंय का. काही नव्हतं. साहेबांच्या खोलीत त्यांची नजर तिच्यावरून गेली होती, थांबली नव्हती. तिला कुणी वाचवलं नव्हतं. मला तसं वाटलं, हे त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

“हसले ते लोक,” आप्पा सांगत होते. “हसू देत. किडा असेल त्यांचा. पण किड्याला शेपटी दाखवा म्हणावं मला. खतात होतो ना मी, तेव्हा रोज मनात म्हणायचो, जागा नेली, झाडं नेली, हे कसं नेतील? झाडं बागेची, खत बागेचं, फावडं बागेचं. माझं तिथे काय होतं? एवढं एकच डोकं चालवून काढलं मी आयुष्यात. बाकी सगळं दुसऱ्यानं सांगितलेलं.” ते थांबले. बोटं मांडीवर हलायला लागली होती, सुजलेल्या पेरांनी ढील देत होती. आत मशीन चालूच होतं. सांगायचं असेल तर आत्ता, ती स्वतःला म्हणाली. पण सांगून काय होईल हे तिला आता स्वच्छ दिसत होतं. तिचं ओझं उतरेल, आणि या माणसाकडे उरलेली एकुलती एक चीज ती उचलून घेऊन जाईल, आणि जाताना वर माफीही मागून घेईल. “तुम्ही तर शिकलेल्या,” आप्पा म्हणाले. “तुम्ही पहिल्यांदा ऐकलंत माझ्याकडून, तेव्हा काय वाटलं तुम्हाला? खरं सांगा हं.”

तिनं कठड्याला धरलं. लोखंड उन्हानं तापलेलं होतं. “मला वाटलं,” ती म्हणाली, “हे आपल्याला कसं नाही सुचलं.”

आप्पा हसले. आवाज न करता, खांदे हलवत, बराच वेळ हसले. डोळ्यांच्या कडा पुसल्या, आणि मग त्यांनी तिला ते सगळं पहिल्यापासून सांगितलं, वाकलेला दांडा, फुलांची तोंडं, वारा, दोन शेपट्या, एक तुटली तर दुसरी. तिनं सगळं ऐकलं. जिथे पाहुणे हसायचे तिथे ती हसली. संचालकांच्या खोलीत ती गप्प बसली होती तेव्हा निदान भीती तरी होती तिच्यापाशी, ती खरी होती. आजचं गप्प बसणं आप्पांसाठी होतं की पुन्हा स्वतःसाठीच, हे तिलाही सांगता आलं नसतं. बाहेरून दोन्ही वेळचं गप्प बसणं सारखंच होतं, आणि दोन्ही वेळा आप्पा समोर होते.

निघताना लेक दारापर्यंत आली. तिनं गळ्यातली टेप काढून मुठीत गुंडाळली होती. “आई गेल्यापासून एवढं बोललेले ऐकले नव्हते मी,” ती म्हणाली. “किती हसत होते. तुमचे फार उपकार झाले, ताई. येत जा ना अधूनमधून. त्यांचं ते ऐकून घेणारं दुसरं कुणी नाही.” “येईन,” ती म्हणाली. लेकीनं वाकून तिच्या पायांना हात लावला. तिनं पाय मागे घेतले नाहीत.